उशा किती लागतात

वाशी,
११ मार्च १९८४

ती. अक्का,
सविनय जयभीम.

तुझं कार्ड परवा मिळालं. मीनाचा खोकला बरा आहे. मी रबाळ्याला कामावर जाऊ लागलो. दाजींच्या गुडघ्याचं काय झालं, ते कळव.

आबांची काठी दाजी इकडे आले की त्यांच्याबरोबर पाठवतो. तू सावरीची उशीही मागितली आहेस. वडिलांचं डोकं शेवटी जिच्यावर टेकलं ती माझ्याकडे असू दे, असं लिहिलंस. त्याबद्दल पुढे लिहितो.

कार्डात तू डॉक्टरीणबाईंना पुन्हा शिव्या घातल्यास. पुण्यानुमोदनाच्या दिवशीही सगळ्यांसमोर म्हणालीस, "हृदयाचं दुखणं घेऊन म्हातारा माणूस दवाखान्यात गेला, तर त्या बयेनं धड विचारलंसुद्धा नाही!" मीही मान डोलावली होती. ते बरोबर नव्हतं.

त्यांनी आबांना बराच वेळ तपासलं. मानेची शीर बघितली. नडगीवर अंगठा दाबला, तर खड्डा तसाच राहिला. कार्डिओग्राम काढला. मग विचारलं, "बाबा, जिना चढताना दम लागतो?"

"आमची खोली खालीच हाय," आबा म्हणाले.

बाई हसल्या. "बरं, झोपताना उशा किती लागतात?"

"एकच. जास्त कशाला लागतात आमाला?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "खरं ना?"

मी होय म्हणालो.

अक्का, घरात उशीच एक. मला वाटलं, बाई आमची परिस्थिती विचारतायत. लाज वाटली. आबा आठ दिवस आडवे झाले नव्हते. कपाटाला पाठ टेकून, उशी पोटाशी धरून, बसल्या बसल्या डोळा लागेल तेवढा लागायचा. ते मी रोज बघत होतो.

बाईंनी अंगातलं पाणी उतरायची गोळी दिली, मीठ कमी करायला सांगितलं, आठवड्याने बोलावलं. पाचव्या दिवशी आबा गेले.

नंतर मृत्यूच्या दाखल्याच्या कागदांसाठी गेलो तेव्हा बाईंनीच विचारलं, "आडवे झोपत होते ना?" मी खरं ते सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "अहो, उशा त्यासाठीच विचारल्या. पडल्यावर दम लागतो का, ते कळतं. त्याच दिवशी भरती करून घेतलं असतं."

"मग वाचले असते?"

"सांगता येत नाही. हृदय फार थकलं होतं."

याची मला संगतीच लागत नाही. आबा खोटं बोलले नाहीत. मीही नाही. उशी एकच होती. मग चुकलं कुठे? सकाळी वाटतं, माझंच चुकलं. दुपारी वाटतं, बाईंनी सरळ विचारायला हवं होतं. काल कामावर रजिस्टरात आबा गेले ती तारीख घातली आणि तासभर कळलंही नाही.

उशी पाठवतो. पण त्यांचं डोकं तिच्यावर नव्हतं, हे माहीत असू दे.

मला काय बोलायचं ते बोल. त्या बाईंना बोलू नकोस. त्यांनी विचारलं होतं, मलाही विचारलं होतं.

तुझा, होय म्हणालेला,
सिताराम