भिंगरीचे हात

२ मार्च
आले एकदाची! लग्नाला सहा दिवस झाले, आज सामान लागलं. तिसरा मजला, दोनच खोल्या, पण ऊन भरपूर. ह्यांचं चष्म्यांचं दुकान खालीच. ह्यांची आठ वर्षांची लेक दाराआडून मला न्याहाळत होती. तिची आई जाऊन तीन वर्षं झाली. पाय जमिनीवर ठरत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. मला काय म्हणायचं ते न सुचून तिने चक्क ‘अहो’ म्हटलं. हसून हसून पोट दुखलं.

९ मार्च
भिंगरीचा घसा धरलाय, सणसणून ताप. डॉक्टरांनी दहा दिवसांचं औषध दिलंय. कडूजहर. प्रत्येक चमच्याला रडारड, माझ्याशी कट्टी.

१२ मार्च
ताप उतरला. उरलेलं औषध बेसिनमध्ये ओतलं. ह्यांना बोलले नाही. पोरगी दिवसभर माझ्या गळ्यात पडून होती.

१४ एप्रिल
आज भिंगरीच्या हातून तिसरा पेला फुटला. रागावले, तर खदखदून हसली आणि त्याच दमात हमसाहमशी रडली.

१७ एप्रिल
मला वेडावते. भुवया उडवते, जीभ बाहेर काढते, आत ओढते. दटावलं तर म्हणाली, “मी नाही करत, अहो. ते आपोआप होतं.”

२० एप्रिल
खांदे, बोटं, पावलं – क्षणभर स्वस्थ नाहीत. दुपारी झोपली तेव्हाच सगळं थांबलं. उशाशी बसून राहिले, जाग येऊ नये म्हणून. डोळे उघडले – बोटं सुरू.

समोरच्या काकू जिन्यात म्हणाल्या, पोर आधी अशी नव्हती. तुम्ही आल्यापासूनच.

२२ एप्रिल
मला घाबरते आता. की मीच तिला? हात दिला तर पिळते, सोडते, पिळते – घास तोंडापर्यंत पोचत नाही. जीभ जड –

२३ एप्रिल
हॉस्पिटल. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मध्यंतरी घसा दुखला होता का. घशातल्या जंतूंशी लढायला शरीर जे तयार करतं, तेच कधीकधी मेंदूवर उलटतं, म्हणाल्या. हात थांबतील, पण काही महिने जातील. कधी ते हृदयावरही उलटतं, तपासल्याशिवाय मात्र –

औषध पूर्ण दिलं होतं ना? हे लगेच हो म्हणाले. छातीठोकपणे.

मी खरं सांगितलं.

दुपार
हे पलीकडच्या बाकावर जाऊन बसले. आत तपासणी – भिंगरी किंचाळतेय, कुणाला आवरत नाही. नर्स दारात. धरायला कुणीतरी हवंय, आई कोण, विचारतेय. हे मान वर करत नाहीत. मी उठ –