तिने मागितलेले नाव

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा कुलपे दुरुस्त करणे व किल्ल्या तयार करणे, गल्लीत "कुलूपवाले काका" म्हणून ओळखला जाणारा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. बुद्धी शाबूत आहे, एक डोळा अधू आहे, हाताला थोडा कंप आहे. अक्षर वाकडे आले तरी मजकूर सरळ समजावा. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. माझी पत्नी नऊ महिन्यांपूर्वी वारली. जाताना तिने माझ्याकडे आपल्या देवाचे नाव मागितले होते आणि मी तिला दुसरेच दिले. आमची एकुलती एक मुलगी तेव्हापासून या घरात आलेली नाही. म्हणून हा कागद नव्याने लिहावा लागत आहे.

कलम पहिले. सहा वर्षांपूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. खालचे दुकान आणि वरच्या दोन खोल्या मुलीला मिळाव्यात, पण तिने आमच्या पंथाची दीक्षा घेतली तरच. नाहीतर सगळे पंथाला जावे, असे त्यात होते. वकील म्हणाले होते, "काका, पोटच्या मुलीला अट घालताय?" मी म्हणालो, "अट कसली, वाट दाखवतोय." आपण फार मोठे बोललो असे तेव्हा वाटले होते. ते मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करत आहे. दुकान आणि खोल्या मुलीला बिनशर्त मिळाव्यात. तिने तिथे कोणत्याही देवाची पूजा करावी किंवा कोणाचीच करू नये, जागा भाड्याने द्यावी, विकावी, तिची मर्जी. वरच्या मोरीतला नळ बंद करताना जरा जास्त पिळावा लागतो.

कलम दुसरे, पंथाविषयी. मी पंथ सोडलेला नाही, हे आधी नमूद करतो. नाहीतर माझ्या मागे लोक म्हणतील, बायको गेली आणि म्हातारा ढिला पडला.

मी अकरा वर्षांचा असताना माझी धाकटी बहीण तापाने अंथरुणाला खिळली. आमच्या वडिलांना सगळे देव सारखे. आज याला नवस, उद्या त्याला. जो जे सांगेल तिकडे धावायचे. आईच्या तोंडात एक नाव टिकत नव्हते. बहीण गेली तेव्हा वडील म्हणाले, "कुणाचं करायचं राहिलं?" मरेपर्यंत ते तेच विचारत राहिले, कधी आईला, कधी मला. एकोणिसाव्या वर्षी मी गुरुजींच्या समोर जाऊन बसलो. ते म्हणाले, "एकाचा हो. मग शोधाशोध संपते." त्यांनी माझ्या कानात एक नाव दिले. ते लिहायचे नाही, चारचौघांत उच्चारायचे नाही, फक्त मरणाऱ्याच्या कानाशी मोठ्याने म्हणता येते. आणि दुसऱ्या कोणत्याही देवापुढे हात जोडायचे नाहीत. त्या दिवसापासून मला नीट झोप लागू लागली.

सगळे मार्ग शेवटी एकाच ठिकाणी जातात असे लोक म्हणतात. मला ते कधी पटले नाही, आजही पटत नाही. हातात चाळीस किल्ल्यांचा जुडगा असला तरी कुलूप त्यातल्या एकीनेच उघडते, हे मी जन्मभर पाहत आलो.

गुरुजींची तसबीर, दोन सतरंज्या आणि माझ्या हातच्या टिपणांच्या वह्या पंथाला द्याव्यात. त्या बदल्यात माझे एक म्हणणे आहे. ही गेल्याच्या चौथ्या दिवशी पंथाचे प्रमुख आले आणि म्हणाले, "शेवटच्या क्षणी वहिनींना तारलंत. याला म्हणतात निष्ठा!" पुढे सभेतही त्यांनी हा दाखला दिला. मी मान खाली घालून ऐकून घेतले. तो दाखला त्यांनी पुन्हा कोणालाही देऊ नये.

कलम तिसरे. स्वयंपाकघरातल्या भिंतीत एक फडताळ आहे. त्यात अंगठ्याएवढा काळा दगड आहे. ती माझ्या पत्नीची महादेवाची पिंड. लग्न होऊन आली तेव्हा ती रुमालात बांधून घेऊन आली होती. आमचा पंथ तिला ठाऊक होता, तरी आणली. मी म्हणालो, "मी टाकून देत नाही, पण या घरात याची पूजा होणार नाही." ती म्हणाली, "बरं." मी पिंड फडताळात ठेवली, माझ्या हाताने केलेले पाच लिव्हरचे कुलूप लावले आणि किल्ली खिशात टाकली. सत्तावीस वर्षांचा होतो. मोठा पराक्रम केल्यासारखा दुकानात जाऊन बसलो.

ती दुपारी दुकानात मला जेवण घेऊन यायची आणि शेजारी बसून राहायची. मी सांगायचो, कानस दे, स्प्रिंग दे, हे बारीक स्क्रू वेगळे कर. पाहता पाहता शिकली. तीन-चार महिन्यांनी माझे सहज लक्ष गेले तर कुलपाच्या तोंडाशी बारीक ओरखडे. केसातल्या आकड्याचे होते. मी दुकानात गेलो की ती कुलूप काढायची, पिंडीवर तांब्याभर पाणी घालायची, पुसून ठेवायची आणि पुन्हा कुलूप लावायची. लावायलासुद्धा आकडाच, हे विशेष. माझ्या हाताखाली पुढे चार जण शिकले, त्यांतल्या एकालाही ते जमले नाही.

मी कुलूप बदलू शकलो असतो. आकडाच काय, कशानेही उघडणार नाही असे कुलूप मला करता येत होते. पण मी ते केले नाही. उलट पावसाळ्यात ते गंजू लागले तेव्हा गुपचूप तेल घातले, आणि मग दर महिन्याला घालत राहिलो. एकदा ती पोळ्या लाटताना मान वर न करता म्हणाली, "हल्ली कुलूप फार हलकं चालतं हो." मी म्हणालो, "असेल." दोघेही हसलो नाही. आमच्या सेहेचाळीस वर्षांच्या संसारात याहून गोड बोलणे झाल्याचे मला आठवत नाही. तिने महादेवाचे नाव "भोळा" ठेवले होते. म्हणायची, "तुमचा मोठा आहे, त्याला तुम्ही सगळे आहात. माझ्या भोळ्याला कुणीतरी सोबत नको का?"

मुलगी मोठी झाली, औषधांच्या दुकानात नोकरीला लागली, आणि एक दिवस जेवताना म्हणाली, "बाबा, कशाला ते कुलूप? शेवटी सगळं एकच ना?" मी भडकलो. मला वाटले, ही आता आईच्या बाजूने बोलणार. पण तिची आईच म्हणाली, "एकच कसं गं? माझा वेगळा आहे. मला तोच हवा. तुला कुठलाच नको, म्हणून तुला सगळे एक वाटतात." या घरात श्रद्धा आम्हा दोघांनाच होती आणि आम्ही दोघेच एकमेकांच्या विरुद्ध होतो.

पिंड माझ्या धाकट्या मेहुणीला द्यावी. ती मनापासून करणारी आहे. मुलीने आईची आठवण म्हणून काचेच्या कपाटात ठेवू नये. ती वस्तू शोभेची नाही. ही गेल्यापासून मी पिंडीची पूजा करत नाही, माझ्याने होणार नाही. धूळ बसली तर पुसतो.

कलम चौथे. किल्ल्या पाडायचे मशीन, काम घट्ट धरायचा वाइस, कानशींचा संच आणि सुट्या लिव्हरचे डबे समोरच्या सायकलवाल्याला द्यावेत. हे वाचून तो खुर्चीवरून पडेल. वीस वर्षे आमचे बोलणे नाही. त्याचे कारण लिहून ठेवतो. त्याच्या बायकोला आमच्या हिने विश्वासाने ती आकड्याची गोष्ट सांगितली. त्याने ती भर गिऱ्हाइकांत उडवली: "यांच्या स्वतःच्या घरातलं कुलूप आकड्याने उघडतं, तुमचं काय सांभाळणार!" दोन गिऱ्हाइके लागलीच उठून गेली. उत्तर द्यायचे तर हिचे गुपित चव्हाट्यावर आणावे लागले असते. मी अपमान गिळला. आता तिला कसली भीती राहिलेली नाही, म्हणून खुलासा करतो: कुलूप उघडत होते कारण मी उघडू देत होतो. त्याचा हात चांगला आहे आणि हत्यारे गंजत पडू नयेत, एवढ्यासाठीच देतो.

कलम पाचवे. लोकांनी करायला दिलेल्या आणि कधीच न नेलेल्या किल्ल्या पत्र्याच्या दोन डब्यांत आहेत. त्या मुलीने किंवा साक्षीदारांनी समोर उभे राहून वितळवून घ्याव्यात. कोणाच्या घराची किल्ली दुसऱ्याच्या हाती जाऊ नये. मी हा धंदा या एका गोष्टीवर केला.

कलम सहावे. हे मिळकतीविषयी नाही, पण लिहिल्याशिवाय मला सही करता येणार नाही.

शेवटच्या आदल्या दिवशी सकाळी ही शुद्धीवर होती. मला म्हणाली, "एक मागते. जाताना माझ्या कानात त्याचं नाव घ्या." मी म्हणालो, "मुलगी घेईल ना." ती म्हणाली, "तिचा विश्वास नाही हो. ती नुसतं म्हणेल. तुमचा आहे, मग कुठला का असेना. तुम्हीच घ्या." मी "हो" म्हणालो. तिचा हात हातात घेऊन म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास श्वास अडखळू लागला. मुलगी पायथ्याशी होती. मी हिच्या कानाशी वाकलो. लोकांना मी सांगितले की ऐनवेळी जीभ वळली नाही, सवयीने आपल्याच देवाचे नाव आले. ते खोटे आहे. मुलीलाही तेच सांगितले, तेही खोटे. मी ठरवून केले. जिवंतपणी मी तेल घालू शकत होतो, कारण अजून वेळ आहे, कधीतरी ती माझ्या वाटेवर येईल, असे वाटत होते. त्या दुपारी वेळ संपला. मला खरोखर वाटले की तिच्या भोळ्याचे नाव घेतले तर ती कायमची चुकेल, आणि मी तिला पुन्हा कुठेच भेटणार नाही. मी तिच्या कानात माझ्या देवाचे नाव म्हटले, स्पष्ट, तीन वेळा.

तिने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिले. रागाने नाही; रागाने पाहिले असते तर मला सोसले असते. मग माझ्या हातातला हात काढून घेतला, छातीवर ठेवला आणि गेली.

मुलगी म्हणाली, "बाबा, तिनं आयुष्यात एकच मागितलं होतं." दिवसकार्य आटोपल्यावर ती निघून गेली. तिची काही चूक नाही. माझा मार्ग खरा असेल तर मी हिला वाचवले. तरी हिने हात काढून घेतला तो काढून घेतलाच. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात का, हे विचारायला गुरुजी आता हयात नाहीत.

कलम सातवे. बँकेतल्या शिलकीतून माझ्या आजारपणाचा खर्च भागवावा, उरेल ते मुलीचे.

कलम आठवे, माझ्या शेवटाविषयी. माझे दुखणे वाढले की मुलीला फोन करावा. नंबर दुकानातल्या कॅलेंडरच्या मागे लिहिलेला आहे. "बाबांनी बोलावलंय" एवढेच सांगावे, गयावया करू नये. ती आली नाही तर कोणीही तिला बोल लावू नये.

ती आली तर एक मागणी आहे. तिच्या आईच्या देवाचे नाव माझ्या कानात घ्यायला सांगावे, म्हणजे फिट्टंफाट होईल, असे बरेच दिवस मनात होते. दोन वेळा तसे लिहून कागद फाडला. तसे मागणे खोटे ठरेल. मला ते नाव नको आहे, मला माझेच हवे आहे. पंचावन्न वर्षे ज्याचा होऊन राहिलो, जाताना त्याचेच नाव कानावर पडावे असे फार वाटते. दुकानात बसल्या बसल्या हे मनात येते आणि डोळे भरून येतात. हिलाही असेच वाटले असणार. हे मला तेव्हा माहीत नव्हते असे मी म्हणणार नाही. माहीत होते.

पंथाच्या लोकांना त्या वेळी आत घेऊ नये. ते आनंदाने नाव घेतील, कारण त्यांना ते पटलेले आहे. मला ते मुलीच्या तोंडून हवे आहे, जिला पटत नाही. तिला ते निरर्थक वाटत असूनही, केवळ मी मागितले म्हणून, तिने माझ्या कानाशी वाकावे. मला जमले नाही, तिला जमेल असे वाटते. ती आईवर गेली आहे.

ते नाव मला इथे लिहिता येत नाही. तिला ते ठाऊक आहे. त्या दुपारी तिने ते माझ्या तोंडून तीन वेळा ऐकले आहे.

हे मागायचा मला काडीचाही हक्क नाही. तसे स्पष्ट लिहून ठेवतो, म्हणजे तिला नाही म्हणायचे असेल तर जड जाणार नाही.

स्थळ: दुकान, फळी अर्धी लावून.
दिनांक: ही गेली त्याला आज नऊ महिने आणि चार दिवस.

सही: कुलूपवाला (हाताच्या कंपामुळे दोनदा केली, दोन्ही माझ्याच)

साक्षीदार पहिला: शेजारचा शिंपी. वरील सही आमच्या समोर झाली. मजकूर त्यांनी स्वतः आम्हाला वाचून दाखवला. सहावे कलम त्यांना वाचता येईना, ते मी मोठ्याने वाचले. त्यांनी मध्ये एकदाही थांबवले नाही.

साक्षीदार दुसरी: कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाई. यांना मी तपासले आहे, ते पूर्ण शुद्धीवर आहेत. मुलीला आताच फोन करू का, असे मी विचारले. ते म्हणाले, "नको. मी मरत नाहीये अजून. उगाच तिला घाई होईल."