साडूभाऊची बाटली

साडूभाऊ, जय भीम.

आपल्या दोघायचं प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता रेडिएशनचा शेकही एकाच मशीनवर घेऊन राह्यलो. तरी तुम्ही ठणठणीत, अन् मले लघवीले बसलो की आग होते. हे मले खपत नाही.

सिस्टर म्हणते, "काका, पाणी पिऊन, लघवी रोखून या. पोटातली लघवीची पिशवी भरलेली असली की शेकाचा त्रास कमी होते." तुम्ही दवाखान्यात जाताना एस्टीतच गटागटा बाटली रिकामी करता, अन् डायपर घातला म्हणून सगळ्यायले हसत सांगता. मी बाजूच्या सीटवर कोरड्या तोंडानं बसतो. ऑपरेशनपासून माझी लघवी गळते. आपल्या दिग्रसच्या लोकायपुढं पँट ओली झाली तर? सिस्टरले सांगतो, "पेलो पाणी."

घरी तुमची मेहुणी सत्यभामा रोज म्हणते, "भाऊजी पाहा कसे आहेत!"

आज तिले मी लपवलेली ओली चड्डी सापडली. तिनं लगेच तुमच्या घरी फोन लावला अन् विचारलं, "ताई, भाऊजीचे डायपर कुठं भेटते?" मंग बाटली भरून माझ्या थैलीत ठेवली.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. टाकलं तर तुम्ही एस्टीत सगळ्यायले वाचून दाखवाल. उद्या तुमच्या बाजूलेच बसून पाणी पेईन, पण तुमच्याकडं पाहणार नाही.

तुमच्यावर जळणारा,
मारोती