बोळक्याची वाट

४ फेब्रुवारी

चि. पोरीस, दोन्ही घरांकडून आशीर्वाद.

पत्र तुझ्या बाबांचं, अक्षर नेहमीप्रमाणे तुझ्या बाईंचं. ते माझ्या पायरीवर बसून सांगताहेत, मी खुर्चीत बसून लिहिते आहे आणि आमच्या दोघांच्या मध्ये बोळक्या शेपूट टाकून पसरला आहे.

बाबा सांगतात, बारा हजार रोपांची मागणी आली आहे. नव्या रस्त्याच्या दोन्ही कडांना लावायची आहेत. एवढं मोठं काम रोपवाटिकेला आजवर मिळालं नव्हतं. जागा पुरेना, म्हणून कुंपणालगतच्या पट्ट्यातही वाफे केले आहेत. म्हणजे ज्या पट्ट्यातून मी गेली बारा वर्षं बोळक्याला सकाळ-संध्याकाळ कालव्यावर नेते, तिथंच.

आता पुढचं वाक्य ते सांगताहेत आणि मी लिहीत नाही म्हटलं. तर म्हणतात, लिहा बाई, पत्र माझं आहे. बरं, लिहिते. बाईंचा कुत्रा वाफ्याच्या कोपऱ्यात तंगडी वर करतो, तिथली रोपं पिवळी पडून जळतात. परवा त्यानं दोन ट्रे उलथून टाकले. बाईंना सांगून दमलो, बाई ऐकत नाहीत. यावर माझंही उत्तर इथंच लिहून टाकते, कारण कागद माझा आहे. बाई ऐकतात. बोळक्या ऐकत नाही. वयोमानानं त्याचे दात गेले तसे कानही गेलेत.

बाबा हसले. पण पूर्ण नाही हसले, हे तुला कळवून ठेवते.

दिवसभर प्रयोगशाळेत उभं राहून पाय सुजतात का, असं ते विचारतात. वेळेवर जेव, हे आम्हा दोघांचं एकमतानं.

तुझी आठवण काढणारे,
बाबा (सांगणारे) आणि बाई (लिहिणाऱ्या)


९ फेब्रुवारी

ती. बाबांस नमस्कार. बाईंनाही नमस्कार, कारण हे त्याच वाचून दाखवतील.

तुमच्या बारा हजार रोपांची बातमी वाचून मी वजनकाट्यापाशी एकटीच हसले. आमचा काटा इतका हळवा आहे की जवळ कोणी शिंकलं तरी आकडा हलतो, तेव्हा वरिष्ठांनी माझ्याकडे पाहिलं. मी अजून उमेदवारीवर आहे, सहा महिने रजा नाही. एक आकडा चुकला तर अख्खा दिवस पुन्हा मोजावं लागतं. इतर मुली चुकतात आणि चहा पितात. मला चहा जात नाही.

बाबा, पट्ट्याच्या कडेनं एक दोरी बांधता येईल का? बाईंना चालायला हातभर वाट सोडली तर शंभरेक रोपं कमी बसतील, एवढंच. रस्त्यानं त्यांना जाववणार नाही, तिथं ट्रक असतात आणि त्यांचा गुडघा तुम्हाला माहीत आहे. आणि बाई, तेवढे दिवस बोळक्याला आखूड साखळीवर ठेवता येईल का? मी कोणाचीच बाजू घेत नाही. दोघांनाही वाईट वाटू नये म्हणून हे पत्र तीनदा लिहिलं.

रोपवाटिकेच्या परवान्याच्या नूतनीकरणासाठी सही केलेले माझे दोन कोरे कागद बियाण्यांच्या डब्यात आहेत, लागले तर घ्या. कोऱ्या कागदावर सही करू नये हे बाईंनीच शिकवलं होतं, त्यामुळे हे वाक्य वाचताना त्यांचा आवाज चढेल. पण परवाना माझ्या नावावर आहे, आणि बाबांचा अंगठा पाहून कार्यालयातले लोक हसतात ते मला सोसत नाही.

आहे ती माया दोन्हीकडून तशीच राहू दे.

तुमची,
पोर


२० फेब्रुवारी

चि. मुलीस आशीर्वाद. पत्र बाबांच्या सांगण्यावरून, लिहिणार कोपऱ्यावरचा औषधवाला.

यापुढे पत्रं दुकानाच्या पत्त्यावर पाठवावीत. बाईंकडून लिहून घ्यायचं बंद केलं आहे.

तुझं दोरीचं पत्र बाईंनी वाचलं. नंतर मी त्यांना म्हणालो की रोपं बघायला साहेब यायचे आहेत, तोवर वाट बंद ठेवू. त्यावर बाई म्हणाल्या, बारा वर्षांची वहिवाट आहे, अशी बंद करता येत नाही. माझ्याच जमिनीत उभं राहून मला हे ऐकवलं. मी त्या शब्दाचा अर्थ इथं दुकानात विचारला. औषधवाले म्हणतात, वेळीच रोखलं नाही तर पट्टा कायमचा हातचा जातो. मला झोप नाही. हा तुकडा मी दुसऱ्यांच्या बागांतली माती उपसून घेतला आहे, तुझ्या आईनं डोक्यावर पाणी आणून जगवला आहे.

आपल्या घरात अक्षर पहिल्यांदा तुझ्या रूपानं आलं, ते बाईंमुळे. मी नाकारत नाही. त्यांनी फी घेतली नाही, म्हणून मी चांगलं कुंपण तोडून त्यांच्यासाठी फाटक केलं. तुझं शिक्षण झालं, वाटही झाली. फिटंफाट. मी फाटकाला कुलूप घातलं आहे. त्यावर काटेरी तार लावताना तळहात कापला, पट्टी आहे, काळजी नको.

तरी त्या तारेखालून कुत्रा येतोच. तू पालिकेच्या कार्यालयाला चांगल्या भाषेत अर्ज लिहून पाठव. औषधवाले म्हणतात, रोपांसाठी कोणी येत नाही, कुत्रा चावका आहे असं लिहिलं की गाडी येते. तसं लिही.

बाकी रोपं जोमात आहेत. कळावे, आणि लवकर पाठवावे.

बाबा
(लेखनसाहाय्य : औषधवाला)


२५ फेब्रुवारी

ती. बाबांस नमस्कार.

अर्ज सोबत आहे. त्यात मी खरं आहे तेवढंच लिहिलं आहे. वाट खाजगी जागेतून जाते, दोन ट्रे उलथले, काही रोपं जळाली, आणि कार्यालयातल्या कोणीतरी येऊन दोघांना समोरासमोर बसवावं. बोळक्या चावतो असं मी लिहिलेलं नाही. त्याला बोळक्या हे नाव मीच ठेवलं, शेवटचा दात पडला त्या दिवशी. तो पाव पाण्यात भिजवून खातो. तो कोणाला काय चावणार?

बाबा, मला तुमची भीती कळते. वहिवाट शब्द बाईंनी रागात वापरला असेल, त्यांना असे शब्द चटकन सापडतात. पण एक सांगते. त्या पट्ट्याच्या टोकाला दगड आहे, त्यावर बसून बाईंनी मला बेरीज शिकवली. बोळक्या तेव्हा पिल्लू होता, माझी पाटी चाटायचा आणि बाई म्हणायच्या, निदान उत्तर तरी बघू दे. फिटंफाट हा शब्द मला दिवसभर टोचत राहिला.

अर्ज पाठवण्याआधी एकदा त्यांच्या पायरीवर जाऊन या. हवं तर माझं नाव सांगा.

हाताची पट्टी रोज बदला, ओल्या मातीत हात घालू नका.

तुमच्या शब्दाबाहेर नसलेली,
पोर


१२ मार्च

कुमारी यांस,

बारा वर्षं तुला अगं-तुगं केलं. पण ज्यांची सही सरकारी कागदावर माझ्याविरुद्ध येते त्यांना मी अहो म्हणते, म्हणून यापुढे तुम्ही.

काल सकाळी पालिकेची गाडी आली आणि बोळक्याला घेऊन गेली. मला तक्रारीची नक्कल दिली. त्यात लिहिलं आहे की माझ्या कुत्र्यानं तुमच्या वडिलांच्या तळहाताचा चावा घेतला. मजकूर औषधाच्या पुड्यांवर असतो त्या अक्षरात आहे. खालची सही तुमची आहे. ती खोटी म्हणावी तर म्हणवत नाही, शेवटच्या अक्षराची शेपटी मीच तुम्हाला वळवायला शिकवली.

कोऱ्या कागदांची गोष्ट मला माहीत आहे. ती मीच तुमच्या वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवली होती. तेव्हा हे कोणी केलं, असं मी विचारतच नाही.

मी कार्यालयात जाऊन सांगितलं की कुत्र्याला दात नाहीत, त्याचं तोंड उघडून पाहा. कारकून म्हणाला, तक्रार लेखी आहे, तोंड बघून ती रद्द होत नाही. दहा दिवस त्याला देखरेखीखाली ठेवतात. जिची सही आहे तिनं लेखी मागे घेतली तर त्याच दिवशी सोडतील. तिथं कोरडे तुकडे घालतात. मी भिजवलेला पाव डब्यातून नेला, बाहेरचं अन्न चालत नाही म्हणून परत दिला.

वाटेवरचा हक्क मी सोडते, तसं लिहून देते. तो मला कधीच नको होता, शब्द तोंडातून गेला. मला फक्त तुमची चार ओळींची चिठ्ठी हवी.

तुमची एकेकाळची,
बाई


१८ मार्च

ती. बाईंना नमस्कार.

तुमचं पत्र मला चौदा तारखेला मिळालं. तक्रार मागे घेत असल्याचं कार्यालयाच्या नावचं पत्र सोबत आहे, ते कृपा करून तुम्हीच हातानं द्या.

चार दिवस का लागले ते सांगायला हवं. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं की सही माझी, मजकूर माझा नाही. मग वाटलं, यावरून बाबांवर खोट्या तक्रारीचा आळ येईल, परवानाही जाईल. दुसऱ्यात लिहिलं की गैरसमज झाला. तेही खोटंच होतं. तिसऱ्यात सगळं स्वतःवर घेतलं, तर ते आणखी खोटं. असे सात झाले. रोज काम संपल्यावर बसत होते. शेवटी पहिलाच स्वच्छ अक्षरात उतरवला. जखम तारेची आहे, कुत्र्याची नाही. कोरा कागद मी दिला, ही चूक माझी. बाबांचं जे व्हायचं ते होवो, हे लिहिताना माझा हात थांबला, पण लिहिलं.

बोळक्या घरी आला की मला एक ओळ टाका. रागावून लिहिली तरी चालेल. आणि मला तुम्ही म्हणू नका.

तुमचीच,
पोर


२२ मार्च

चि. पोरीस,

बोळक्या एकोणीस तारखेला गेला. नववा दिवस होता. तिथल्या माणसानं सांगितलं की त्याच्या वाडग्यातले तुकडे पहिल्या दिवसापासून तसेच होते. त्यांना वाटलं, कुत्रा रुसला आहे.

तुझं पत्र काल आलं. कार्यालयाच्या पत्रात एकही खाडाखोड नाही, समास सरळ आहे, विरामचिन्हं जागच्या जागी आहेत. मी तुला शिकवलं तसंच. लिहिलेलं पुन्हा वाचावं, पटलं नाही तर फाडून नव्यानं लिहावं, हे मीच तुला त्या दगडावर बसून शिकवलं. पहिलाच खर्डा चौदा तारखेला पेटीत टाकला असतास तर सतराला माझ्या हातात पडला असता.

ते पत्र मी कार्यालयात दिलेलं नाही. आता ते देऊन तुझ्या वडिलांचं नुकसान तेवढं होईल. माझ्याकडेच राहू दे.

तुझा राग येत नाही. यायला हवा होता, म्हणजे काही दिवसांनी गेला असता.

बाई


६ एप्रिल

चि. मुलीस आशीर्वाद. सांगणारे बाबा, लिहिणारा औषधवाला.

साहेब आले, रोपं पसंत पडली. एकूण एक नेली. पट्टा रिकामा झाला आहे.

कुत्र्याचं कळलं. तो मरावा असं माझ्या मनात नव्हतं. गाडी दहा दिवस नेते आणि परत आणते, तेवढ्यात रोपं वाचतील, असं मला सांगितलं होतं. तसं सांगणारा आत्ता हे लिहितो आहे, आणि हे वाक्यही मी त्याच्याकडून लिहवून घेतो आहे.

बाई आता रोज सकाळी रस्त्यानं कालव्यावर जातात. हातात साखळी असते, नुसतीच. ट्रक आला की कडेला थांबतात. मी फाटकाचं कुलूप काढलं आहे, तारही काढली आहे. पण बाई फाटकाकडे बघत नाहीत. मी दोनदा कुंपणापर्यंत गेलो, बोलता आलं नाही. तू त्यांना लिही की फाटक उघडं आहे. तुझ्या भाषेत लिही, तुला नीट लिहिता येतं.

तुझं पत्र महिनाभर नाही. आठवण ठेव.

बाबा


११ एप्रिल

बाबांस नमस्कार.

औषधवाल्या काकांनी हे पत्र एकही ओळ न गाळता वाचून दाखवावं.

रोपं गेली हे बरं झालं. तुमच्या जमिनीचा पट्टा तुमचाच राहिला. तो कोणी घेणारच नव्हतं.

फाटक उघडं आहे हे मी बाईंना लिहिणार नाही. यापुढे मी कोणाच्याही वतीनं काहीच लिहिणार नाही. परवान्याचा उरलेला कागद डब्यातून काढून चुलीत घाला. तुमच्या फाटकापासून बाईंच्या पायरीपर्यंत तीस पावलं आहेत. लहानपणी मी ती मोजत मोजत शिकवणीला जात होते, त्यामुळे आकड्याची खात्री आहे. ती तुम्ही चाला. तिथं जाऊन काय बोलायचं ते मला विचारू नका, मला सात खर्डे करूनही जमलं नाही.

सुट्टी मिळाली तरी इतक्यात येणार नाही. कोणत्या घराच्या दारानं आत यावं ते कळत नाही.

हा पहिलाच खर्डा आहे. पुन्हा वाचलेला नाही. खाली सही करत नाही. पत्र कोणाचं आहे, ते वाचणाऱ्यानंच तुम्हाला सांगावं.