बाबांचं हसू कापू नकोस

चि. धाकटीस, ताईचा आशीर्वाद.

तुझ्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग ऐकलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहिते आहे. विनोद सांगून झाला की तू थांबतच नाहीस. लगेच पुढचं वाक्य! कुणी मागे लागलंय का?

माझी नक्कल मात्र झकास. “पाहुणे असलात म्हणून काय झालं? चपला रांगेत लावा!” म्हणते मी असं. मान्य.

त्यावर सगळे हसले. सगळ्यांच्या मागून, नेहमीसारखे, बाबा हसायला लागले, आणि तू त्यांच्या हसण्यावरच बोलत सुटलीस. जेवताना विनोद झाला की बाबांना कळेपर्यंत आपण हातात घास धरून थांबायचो, विसरलीस? स्टेजवरही तसंच थांबायचं. ते हसू पुरतं ऐकायला मिळेल म्हणून मी नऊ वेळा रेकॉर्डिंग लावलं. दर वेळी तू मध्ये येतेस.

रेकॉर्डिंगच्या शेवटी कुणीतरी खोकलं. बाबाच का? खरं कळव.

मी ठणठणीत आहे. खोलीत खुर्च्या दोन आहेत; दुसरीवर तपासायच्या वह्या बसतात.

तिकडे निघालेल्या आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंच्या हाती आज दिले: बाबांसाठी मफलर एक. तुझ्यासाठी कोरी वही एक, बाबा कुठे आणि किती वेळ हसले ते लिहायला.