बारा हजारांच्या खाली बटाटे

२४ जानेवारी, ला पाझ
आज अलासिताची जत्रा. दरवर्षीचा खुळेपणा. वर्षभरात जे हवं असेल ते बोटाएवढं विकत घ्यायचं, भर बाराच्या ठोक्याला बुवाकडून धूप दाखवून घ्यायचा, की ते खरोखरचं मिळतं म्हणे. घर, गाडी, डिग्री. नवरा हवा असेल तर मातीचा कोंबडा. अख्खं शहर ऑफिस टाकून रांगेत. आणि हे लोक म्हणतात, देश पुढे का जात नाही!

आईने बाबांसाठी बोटाएवढी मिनीबस घेतली आणि माझ्यासाठी विमान. स्वतःसाठी स्वतः घेतलं तर फळत नाही, दुसऱ्याने द्यावं लागतं, असाही एक नियम आहे. मी म्हटलं, आई, मी शिकलेला पायलट आहे, लायसन्सची शाई अजून वाळलेली नाही. विमान पंखांवर उडतं, धुपावर नाही. आई म्हणाली, तोंड बंद ठेव आणि पुढे सरक, बारा वाजत आले.

तेवढ्यात रोसमेरी नोए दिसली. माझ्याच फ्लाइंग स्कूलची, माझ्याच बॅचची. बेनीकडची, म्हणजे खालच्या, दमट, डासांच्या मुलखातली. मी विमान तिच्या हातात कोंबलं. म्हटलं, घे, तुझ्यासारख्यांनाच शोभतं. तिने मनापासून आभार मानले आणि पळत जाऊन धूप दाखवून आणला. आईचा चेहरा पडला. अंधश्रद्धेला असे धक्के द्यावेच लागतात.

२९ जानेवारी
एरोपुना कंपनीला को-पायलट हवाय. नवशिके चालतील. जागा एक. म्हणजे माझी.

बायोडेटा पाठवला. सहा पानं. आठवीतलं वक्तृत्वाचं बक्षीसही घातलं, कारण अनाउन्समेंट करायची असते. फोटो कॅप्टनच्या टोपीत. टोपी आधीच शिवून घेतली आहे, पुढे वेळ मिळणार नाही.

रोसमेरीनेही अर्ज केलाय. तिचा बायोडेटा एक पान. बिचारी.

२ फेब्रुवारी
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून अभ्यास. गोड बंद. फोन बंद.

३ फेब्रुवारी
नऊला उठलो. पायलटने पुरेशी झोप घेणं हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. नियम मोडून अभ्यास करण्यात काय अर्थ?

कार्निव्हलचा मंगळवार
आज गाड्यांची पूजा. बाबांनी मिनीबस धुतली, पताका लावल्या, चाकांवर बिअर ओतली. नंतर उरलेली स्वतःवर ओतली, आतून.

एडगर, म्हणजे माझा चुलतभाऊ, चिलीला द्राक्षं तोडायला गेलाय. तो मिनीबसच्या दारात लटकून स्टॉपची नावं ओरडायचा. बाबा म्हणाले, चार दिवस तू ओरड, तुझा आवाज दणकट आहे. मी म्हटलं, बाबा, हा आवाज कॉकपिटसाठी राखून ठेवलाय. बाबा म्हणाले, राखून ठेव, लोणचं घालू. अशिक्षित विनोद.

कोपऱ्यावर सालतेन्या, म्हणजे मटणाच्या करंज्या, विकणारी दोन्या एउसेबिया आता मला कॅप्टन म्हणते. आईने सगळ्या गल्लीत सांगून ठेवलंय. इस्टरपर्यंत नोकरी, असं. मी अडवलं नाही. इस्टर म्हणजे उशीरच झाला खरं तर.

२० फेब्रुवारी
सिम्युलेटरचं बोलावणं! सांताक्रूझला. खोटं कॉकपिट, खरी परीक्षा. शेवटच्या यादीत दोघंच: मी आणि रोसमेरी. मला वाईट वाटलं. तिच्यासाठी.

ती घरी आली होती. भिंतीवर चिकटवायला कॉकपिटचं कागदी चित्र घेऊन. दोन खुर्च्या टाकून मिळून सराव करू म्हणाली. मी म्हटलं, भातुकली मी लहानपणीच सोडली. तरी जाता जाता म्हणाली, ग्रोव्हर, आपण दोघं फक्त या पठारावर उडवायला शिकलो. तिथली धावपट्टी पार खाली आहे, हजारभर फुटांवर. उंचीचा काटा खाली खाली जात राहतो. डोळ्यांना सवय करून घे.

मला सांगते! जगातल्या सगळ्यात उंच विमानतळांपैकी एकावर शिकलोय मी. इथल्या एल आल्तो विमानतळावर जमिनीवर उभ्या विमानात काटा तेरा हजार फूट दाखवतो. ओरुरोच्या विमानतळावर बारा. आमचे इलारियोन सर पहिल्या दिवसापासून एकच मंत्र घोकून घ्यायचे: काटा बाराच्या खाली गेला की तुम्ही बटाट्यांच्या शेतात आहात. काय सांगायची बिशाद आहे हजार फुटांच्या लोकांची?

तिने आईच्या हातचं चुन्यो, म्हणजे गोठवून वाळवलेले बटाटे, घातलेलं सूप पिऊन दोनदा मागून घेतलं. आई तिच्याशी हसून बोलत होती. आईला माणसांची पारख नाही.

३ मार्च, सांताक्रूझ
काय हा उकाडा. हवा इतकी दाट की चावून खावी. एवढा ऑक्सिजन कशाला लागतो या लोकांना? आणि एवढा ऑक्सिजन घेऊनही चालतात कासवासारखे. हॉटेलवाल्याने विचारलं, वरून आलात का, श्वास ठीक आहे ना? मी म्हटलं, श्वास तुम्ही शिका, आम्ही कमी हवेत जगतो. तो म्हणाला, बरं कॅप्टन, पंखा लावू? लाव म्हटलं.

संकल्प: उद्या नम्र राहायचं. परीक्षकाला खजील करायचं नाही.

४ मार्च, दुपार
झाली परीक्षा. सविस्तर लिहून ठेवतो, पुढे मुलाखतींत विचारतील.

परीक्षक कॅप्टन साउसेदो. सुटलेलं पोट, हातात रुमाल. टेकऑफ उत्तम. वळणं उत्तम. मी त्यांना मध्येच दोन गोष्टी सुचवल्या, त्यांनी वहीत टिपल्या.

मग म्हणाले, सांताक्रूझला उतरव. उतरवायला लागलो. पंधरा हजार. चौदा. तेरा. इथपर्यंत हात लोण्यासारखे. काटा बाराच्या खाली गेला आणि हातांनी आपोआप दांडा मागे ओढला. विमान वर. कॅप्टन म्हणाले, कुठे निघालास? मी म्हटलं, जरा बघतो. पुन्हा खाली आलो. पुन्हा बारा. पुन्हा वर. डोक्याला पक्कं ठाऊक होतं की खाली अजून दहा हजार फूट हवाच हवा आहे. हातांना कोण सांगणार? कॅप्टन म्हणाले, बाळा, समोर काय दिसतंय तुला? आणि माझ्या तोंडून निघालं, बटाटे.

ते बराच वेळ रुमालात तोंड घालून बसले.

शेवटी इंधन संपलं. इंधनाचा हिशोब ठेवणं माझं काम होतं, हे त्यांनी नंतर सांगितलं. तोवर मी जमिनीला एकदाही आपटलो नव्हतो, याची नोंद त्यांनी घेतली का, कळायला मार्ग नाही. जास्त सावध माणूस या देशाला परवडत नाही, हेच खरं.

माझ्यानंतर रोसमेरी. अर्ध्या तासात बाहेर. एवढ्या लवकर म्हणजे नापासच. तिला धीर द्यायला गेलो तर ती मलाच धीर देत होती.

१० मार्च
मेल नाही. मोठ्या निर्णयांना वेळ लागतो.

आईने विचारलं, कसा झाला पेपर? म्हटलं, कोणी पाहिलं नसेल असं उडवलं. खोटं नाही बोललो.

१३ मार्च
मेल आला. “आपल्या उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा.” रोसमेरीला घेतलं.

कंपनीचा दर्जाच तो. उद्या हिला समुद्रसपाटी सोडून कुठे पाठवतील? शिवाय कोटा असणार, वशिला असणार, डासांच्या मुलखातली सगळी एक.

आईला म्हटलं, राखीव यादीत आहे. आईने सूप वाढलं. बटाट्याचं होतं. मला जेवण गेलं नाही. खोलीत जाऊन टोपी कपाटावर टाकली आणि मग रडू आलं, उन्हामुळे डोळे आधीच दुखत होते.

२ एप्रिल
इस्टर झाला. दोन्या एउसेबियाने विचारलं, कॅप्टन, कधी निघताय? तिच्या गल्लीतून जाणं बंद केलंय. सालतेन्या तशाही तेलकट असतात.

एडगर चिलीत लग्न करून बसला. बाबांना दारात माणूस नाही. फक्त या आठवड्यापुरता मदत करतोय. आवाजाचा व्यायाम म्हणून.

१४ मे
अजून तोच आठवडा चालू आहे.

२७ मे
सकाळी खालच्या चौकात मिनीबस थांबली. मी दारातून ओरडत होतो: सेहा, सेहा, एअरपोर्ट, दोन सीट, दोन सीट! आणि गणवेशातली एक बाई चढली. खांद्यावर पट्ट्या. रोसमेरी.

मी टोपी खाली ओढली. लोकरीची होती, तरी ओळखलंच तिने. माझ्या शेजारीच बसली. बाबांनी आरशातून पाहिलं आणि रेडिओ बंद केला.

म्हणाली, तू दिलेलं विमान माझ्या आईने देवघरात ठेवलंय, रोज त्याची धूळ झटकते. तू दिलंस म्हणून फळलं. मी म्हटलं, मी टाकून दिलं होतं. म्हणाली, माझ्या हातात टाकलंस ना, मग झालं. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. टोमणा नव्हता.

एअरपोर्टला उतरताना तिने विचारलं, येत्या जानेवारीत जत्रेतून तुझ्यासाठी मी आणीन. काय आणू?

मी ताठ बसून सांगितलं, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. ती बरं म्हणाली आणि चालू लागली. बाबांनी गिअर टाकला. ती काचेच्या दारापाशी पोहोचली तेव्हा मी दारातून अर्धा बाहेर लटकून जीव खाऊन ओरडलो: विमान! विमान आण! आणि धूप दाखवायला विसरू नकोस!

अख्खा स्टॉप वळून बघायला लागला. गाडीत लोक खो खो हसत होते.

बाबा म्हणाले, बघ, आज कसा मोकळा आवाज लागला. आता असंच सेहा म्हण.