पाण्याचा जबाबदार अधिकारी

३ मार्च
खाणीत बढती. आजपासून मी पाण्याचा जबाबदार अधिकारी. पगार तोच, पण केबिनच्या दारावर पितळी पाटी. गोल, परातीएवढी. विहीर आटली म्हणून सासऱ्यांनी कंपनीला कोर्टात खेचलं, त्याच आठवड्यात ही नेमणूक. योगायोग.

४ मार्च
बायको म्हणाली, बकऱ्यालाही कापण्याआधी हार घालतात. तिला हुद्द्यांतलं कळत नाही. दुर्लक्ष करण्याचा संकल्प.

९ मार्च
सासऱ्यांना समजावून आलो. खाणीच्या तळाला पाणी लागतं, ते उपसावंच लागतं. त्याचा विहिरीशी संबंध नाही. आकृतीच काढून दाखवली. ते म्हणाले, जावईबापू, निदान चित्रातल्या विहिरीत तरी पाणी काढा. दुरुस्ती केली.

२१ मार्च
परवा न्यायाधीशबाई विहीर बघायला येणार. आमचे वकील हवालदिल. मला युक्ती सुचली : सकाळीच विहिरीत टँकर ओतायचे. मॅनेजर म्हणाले, डोकं तुमचं, सहीही तुमचीच. केवढा विश्वास!

२३ मार्च, सकाळी ८
सासरे वकिलाकडे गेलेले. तेवढ्यात टँकर ओतून घेतले. विहीर काठोकाठ. देखणं दृश्य.

दुपारी १
बाई उशिरा आल्या. तोवर तळाला चिखल, चिखलात टँकरचा आमचाच पाइप. जमिनीने सगळं पाणी पिऊन टाकलं. सासूबाई बाईंना म्हणाल्या, जावयाने एवढ्या वर्षांत पहिल्यांदा काही आणलं, तेही टिकलं नाही. सकाळचं पाणी गेलं कुठे, असं बाई विचारत होत्या. इतक्यात खाणीवरून पंपवाल्याचा फोन : साहेब, तळाला पाणी वाढलंय, दुसरा पंप लावू का? स्पीकर चालू होता.
बाईंनी विचारलं, याला जबाबदार कोण? मॅनेजरांनी लगेच माझं नाव घेतलं. हुद्द्यासकट.

२ एप्रिल
कोर्ट. कंपनीचे वकील बराच वेळ माझ्याबद्दलच बोलले. उपशाचा प्रत्येक निर्णय म्हणे माझा. मला एवढा अधिकार आहे, हे मलाही नवीन. आता मी स्वतंत्र प्रतिवादी. नुकसानभरपाई माझ्याकडूनही मागणार. सत्य बाहेर येईलच.

१० एप्रिल
निलंबन. कंपनीचं घर सोडलं. सासऱ्यांकडे मुक्काम, तात्पुरता. त्यांनी एक खोली दिली आणि एक बादली. नळ कोपऱ्यापलीकडे, रांग पहाटेची.
पितळी पाटी कंपनीने मला देऊन टाकली. भिंतीवर लावण्याचा संकल्प होता. बायकोने ती दारातल्या पिंपावर झाकण म्हणून ठेवली. बरोबर बसली.
पिंपात पाणी नाही.